संवादी भ्रम आणि संक्षुब्ध प्रवाह

चुकीच्या ज्ञानाने खरी वस्तू हाती लागली, तर त्या ज्ञानाला प्रमाण म्हणावे की भ्रमच म्हणावे, हा भारतीय ज्ञानमीमांसेतील जुना प्रश्न आहे. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडिताने ‘प्रमाणवार्तिक’ या ग्रंथात त्यासाठी एक दृष्टान्त दिला आहे. दोन माणसांना दुरून उजेड दिसतो, दोघेही त्या उजेडालाच रत्न समजून धावतात, आणि त्यांपैकी एकाला दिसलेला उजेड रत्नाचा असतो, तर दुसऱ्याला दिसलेला दिव्याचा. प्रभेला रत्न समजण्याची चूक दोघांचीही सारखीच असते, पण पहिल्याला रत्न मिळते आणि दुसऱ्याचे हात रिकामे राहतात. चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी ‘पंचदशी’तील ध्यानदीप प्रकरणाच्या आरंभी हाच दृष्टान्त घेतला, पहिल्या चुकीला संवादी भ्रम आणि दुसरीला विसंवादी भ्रम म्हटले, आणि निर्गुण ब्रह्माची उपासना हे साक्षात ज्ञान नसले तरी संवादी भ्रमाप्रमाणे ती साधकाला मुक्तीपर्यंत नेते, असे प्रतिपादन केले. त्याच ओघात त्यांनी आणखीही उदाहरणे दिली आहेत: बाष्पाला धूर समजून कोणी तेथे अग्नीचे अनुमान केले आणि दैवयोगाने तेथे अग्नी सापडला, किंवा गोदावरीचे पाणी गंगोदक समजून कोणी अंगावर शिंपडले आणि त्याला शुद्धी लाभली, तर तेही संवादी भ्रमच होत.

ही सारी उदाहरणे एका नावाखाली घालणे विद्यारण्यांच्या प्रयोजनाला पुरेसे होते, कारण भ्रमातूनही फळ मिळू शकते एवढेच त्यांना दाखवायचे होते. परंतु ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने रत्नाची प्रभा आणि धुरासारखे दिसणारे बाष्प यांत मोठे अंतर आहे. प्रभा रत्नातूनच निघालेली असते, त्यामुळे तिच्यामागे जाणाऱ्याला रत्न मिळणे हे कार्यकारणसंबंधाचे फळ होय, आणि धर्मकीर्तीचा भरही वस्तूशी परंपरेने जुळलेल्या या संबंधावरच आहे. बाष्पाच्या उदाहरणात असा संबंध कोठेच नाही. तेथे अग्नी सापडला तो यदृच्छेने, आणि तोच माणूस पुढच्या वेळी अशाच बाष्पामागे गेला तर फसण्याचीच शक्यता अधिक. सकारण संवाद, म्हणजे ज्ञान आणि वस्तू यांचा कारणाने जुळलेला मेळ, आणि अकारण संवाद यांतील हा भेद आज ज्या क्षेत्रात सर्वांत निकडीचा झाला आहे, ते क्षेत्र उपासनेपासून पुष्कळ दूरचे आहे. पाण्याच्या आणि हवेच्या खळबळणाऱ्या प्रवाहांचे संगणकावर सदृशीकरण केले जाते, म्हणजे प्रवाहाची गणिती प्रतिकृती आकड्यांत चालवून पाहिली जाते, तेव्हा निघणारे प्रत्येक उत्तर काटेकोर अर्थाने चुकीचे आहे हे ते काढणाऱ्याला आधीपासूनच ठाऊक असते, आणि तरीही मोटारीचा आकार, पुलाच्या खांबावर येणारा पाण्याचा भार किंवा कृत्रिम हृदयझडपेची रचना या गोष्टी त्याच उत्तरांच्या भरवशावर ठरवल्या जातात.

ज्या समीकरणांचे हे उत्तर असते, ती मात्र जुनी आणि सर्वमान्य आहेत. क्लोद-लुई नाव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८४५ मध्ये, वेगवेगळ्या वाटांनी जाऊन, ती मांडली. न्यूटनचा गतीचा दुसरा नियम द्रवाच्या प्रत्येक सूक्ष्म भागाला लावला, आणि बलांमध्ये दाबाचा रेटा व श्यानता, म्हणजे एकमेकांवरून सरकणाऱ्या थरांमधील घर्षण, यांची गणना केली की ही समीकरणे मिळतात. द्रव असंपीड्य मानला, म्हणजे दाबल्याने त्याचे आकारमान बदलत नाही असे धरले, तर एक अट वाढते: कोणत्याही जागेत जितके पाणी शिरते तितकेच त्याच क्षणी तेथून बाहेर पडले पाहिजे. पाण्याला ही अट जवळजवळ तंतोतंत लागू पडते, आणि ध्वनीच्या वेगाच्या मानाने हवा बरीच सावकाश वाहत असेल तर तिलाही चालते. या अटीमुळे दाबाचे स्थान मोठे चमत्कारिक होऊन बसते. काळाबरोबर आपण कसे बदलावे हे सांगणारे स्वतःचे समीकरण त्याला उरत नाही, आणि अट कोठेही मोडू नये अशा रीतीने तो साऱ्या प्रवाहभर एकदमच ठरत जातो.

अडचण समीकरणांच्या मांडणीत नसून त्यांतून निघणाऱ्या वर्तनात आहे. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे केलेल्या प्रयोगांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यांत काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची एक बारीक धार सोडलेली असे. वेग कमी असेतोवर ती धार सुतासारखी सरळ राही, आणि वेग एका मर्यादेपलीकडे वाढवला की काही अंतर गेल्यावर ती एकाएकी विस्कटून नळीभर पसरे. वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची घनता यांच्या गुणाकाराला द्रवाच्या श्यानतेने भागून जी संख्या येते तिला आज रेनॉल्ड्स अंक म्हणतात. नळीमध्ये ती साधारण दोन हजारांच्या पुढे गेली की स्तरीय प्रवाहाच्या जागी संक्षुब्ध प्रवाह येऊ लागतो. संक्षुब्ध प्रवाहात मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान फुटून आणखी लहान, आणि ही उतरंड श्यानता भोवऱ्यांची ऊर्जा उष्णतेत जिरवून टाकीपर्यंत चालते. आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या उपपत्तीवरून या उतरंडीतल्या शेवटच्या भोवऱ्याचा आकार अंदाजता येतो. चार मीटर लांबीची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर लांबीवरून काढलेला रेनॉल्ड्स अंक सुमारे ७४ लाख येतो, आणि ढोबळ हिशेबाने सर्वांत लहान भोवरा मिलिमीटरच्या तीन शतांश भागाएवढा निघतो. असा प्रत्येक भोवरा टिपायचा तर हिशेबासाठी प्रवाहावर टाकलेल्या जाळीतील बिंदूंची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या ९/४ व्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजे या एका मोटारीसाठी तीनावर पंधरा शून्ये इतके बिंदू लागतील आणि काळाच्या प्रत्येक सूक्ष्म पावलाला त्या सर्वांवरचा वेग नव्याने काढावा लागेल. म्हणून व्यवहारातल्या जवळजवळ प्रत्येक सदृशीकरणात जाळी भोवऱ्यांपेक्षा कितीतरी भरड असते, आणि जे तिच्या फटींतून निसटते त्याविषयी काही ना काही गृहीत धरणे भाग पडते.

ही जाळी टाकण्याची एक रीत म्हणजे परिमित घटक पद्धती, अभियंत्यांच्या तोंडची फायनाइट एलिमेंट मेथड. वाल्टर रिट्झ यांचे १९०९ चे आणि बोरिस गालेर्किन यांचे १९१५ चे काम हे तिचे मूळ. रिचर्ड कूरांट यांनी १९४३ मध्ये त्रिकोणी तुकड्यांची कल्पना मांडली, १९५६ मध्ये विमानाच्या सांगाड्याच्या हिशेबासाठी ती कामाला आली, आणि १९६० मध्ये रे क्लफ यांनी तिला आजचे नाव दिले. या पद्धतीत प्रवाहाच्या जागेचे लहान लहान तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यात वेग व दाब साध्या बहुपदींनी दाखवता येतील असे मानतात, आणि अवकल समीकरण प्रत्येक बिंदूवर खरे व्हावे हा हट्ट सोडून देतात. त्याऐवजी समीकरणाला निवडक चाचणी-फलनांनी गुणून साऱ्या जागेवर त्याची बेरीज घेतात आणि ती बेरीज शून्य यावी एवढीच अपेक्षा ठेवतात. याला समीकरणाचे दुर्बल रूप म्हणतात. झां लेरे यांनी १९३४ मध्ये याच वाटेने जाऊन नाव्हिए-स्टोक्स समीकरणांना या दुर्बल अर्थाचे उत्तर सदैव असते हे सिद्ध केले, आणि विशेष असे की त्या उत्तरांना त्यांनी संक्षुब्ध उत्तरे हेच नाव दिले होते.

तत्त्वचिंतकाने जेथे थांबून पाहावे अशी जागा येथे येते. संगणकाने काढलेले उत्तर मूळ समीकरणात घातले तर बाकी उरते, तिला अवशेष म्हणतात, आणि हा अवशेष शून्य कधीच नसतो. पण गालेर्किनच्या पद्धतीत उत्तर ज्या फलनांतून घडवले जाते त्याच फलनांनी त्याची चाचणीही घेतली जाते, आणि उत्तर निवडलेच जाते ते असे की त्या प्रत्येक चाचणीला अवशेषाची बेरीज शून्य यावी. म्हणजे उत्तरात दोष असतो, पण तो दोष त्या उत्तराजवळ असलेल्या कोणत्याही चाचणीला दिसू शकत नाही. जाळीच्या आतून पाहणाऱ्याला आपले उत्तर निर्दोषच वाटणार. मीमांसक आणि नैयायिक यांच्यात प्रामाण्याविषयी जो दीर्घ वाद झाला त्याची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान उपजतानाच प्रमाण म्हणून उपजते आणि बाधक पुढे आला तरच ते अप्रमाण ठरते, तर नैयायिकांच्या मते ज्ञान खरे आहे हेही त्या ज्ञानाच्या बाहेरून, मुख्यतः त्यावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल झाल्यावरून, कळते. परिमित घटक पद्धतीत स्वतःप्रामाण्याला जागाच उरत नाही. जाळी आणखी बारीक करावी, किंवा अवशेष अशा फलनांनी तपासावा जी मूळ जाळीत मावत नव्हती, तेव्हाच दोषाचे मोजमाप मिळते. या एका मुद्द्यावर गणिताने नैयायिकांची बाजू घेतली आहे असे म्हणायला प्रत्यवाय नसावा, जरी नैयायिकांना अभिप्रेत असलेले साफल्य याहून बरेच व्यवहारातले होते.

बाहेरची चाचणी नसली तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण दाबाचे आहे. वेग आणि दाब या दोघांसाठी एकाच प्रतीची बहुपदी वापरावी, हे नवशिक्याला सर्वांत स्वाभाविक वाटते. तसे केले तर वेगाचे चित्र बहुधा नीटस येते आणि दाबाचे चित्र मात्र बुद्धिबळाच्या पटासारखे येते: एका घरात फार जास्त दाब, शेजारच्या घरात फार कमी, पुन्हा जास्त, पुन्हा कमी. त्या जाळीवरचा वेग इतका भरड असतो की दाबाची ही चढउतार त्याला जाणवतच नाही, आणि म्हणून ती समीकरणे न मोडता उत्तरात बिनबोभाट शिरते. ओल्गा लादिझेन्स्काया, इव्हो बाबुश्का आणि फ्रांको ब्रेझी यांच्या नावांनी ओळखली जाणारी अट अशा जोड्या आधीच गाळून टाकते. बाबुश्का यांचे काम १९७१ चे आणि ब्रेझी यांचे १९७४ चे. वेगाला वर्गी आणि दाबाला रेषीय बहुपदी देणारी टेलर-हूड जोडी या अटीत बसते, म्हणून आजही ती सर्रास वापरली जाते. धर्मकीर्तीच्या दोन माणसांना कोणता उजेड कशाचा आहे हे तेथे पोचल्यावरच कळते. येथे एका जातीचा विसंवादी भ्रम निघण्यापूर्वीच ओळखता येतो.

स्तरीय प्रवाहात हे सगळे किती दूरवर नेता येते हे एका प्रसिद्ध कसोटीवरून दिसते. शेफर आणि टुरेक यांनी १९९६ मध्ये एक साधा प्रश्न ठरवून दिला: ०.४१ मीटर उंचीच्या वाहिनीत ०.१ मीटर व्यासाचा दंडगोल ठेवला आहे, पण अगदी मधोमध नाही, तर खालच्या भिंतीपासून केंद्र ०.२ मीटरवर येईल असा, म्हणजे मध्यापासून अर्धा सेंटिमीटर खाली. रेनॉल्ड्स अंक २० असताना त्या दंडगोलावरील ओढीचा गुणांक सुमारे ५.५७९५ येतो आणि त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकामुळे उपजणाऱ्या उचलीचा गुणांक सुमारे ०.०१०६. भिन्न देशांत, भिन्न हातांनी, भिन्न जाळ्यांवर लिहिलेल्या आज्ञावल्या या आकड्यांवर येऊन मिळतात आणि जाळी जितकी बारीक करावी तितके अधिक दशांश स्थळांपर्यंत त्यांचे एकमत होत जाते. रत्न अजून हाती आलेले नाही, पण ते किती अंतरावर आहे हे सांगता येते. विद्यारण्यांच्या दृष्टान्तात उपासक अखेर रत्नापाशी पोचतो आणि पोचताच भ्रम संपतो. येथे भ्रम कधीच संपत नाही, तो फक्त लहान होत जातो, आणि त्याच्या लहानपणाला पुरावा असतो.

रेनॉल्ड्स अंक वाढला की हे सुख संपते. जाळीत न मावणाऱ्या भोवऱ्यांची ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, नाहीतर ती जाळीच्या सर्वांत लहान घरांत साचून उत्तर फुटते. त्यासाठी अनेक उपाय निघाले. जोसेफ स्मागोरिन्स्की यांनी १९६३ मध्ये हवामानाच्या हिशेबासाठी जाळीच्या आकारावर अवलंबून असलेली कृत्रिम श्यानता सुचवली. ब्रुक्स आणि ह्यूज यांनी १९८२ मध्ये प्रवाहाच्या दिशेनेच झुकणारी चाचणी-फलने वापरून परिमित घटक पद्धतीला स्थैर्य दिले. आणि थॉमस ह्यूज यांनी १९९५ मध्ये न दिसणारे भोवरे दिसणाऱ्यांच्या अवशेषावरून अंदाजावेत अशी मांडणी केली. यांपैकी प्रत्येक उपायात द्रवात प्रत्यक्ष नसलेली एक श्यानता, उघड किंवा आडवाटेने, हिशेबात घातली जाते. विज्ञानाचे तत्त्वज्ञ एरिक विन्सबर्ग यांनी २०१० च्या आपल्या पुस्तकात नेमक्या अशाच कल्पित राशींवर बोट ठेवले आहे, आणि खोटे असूनही विसंबण्याजोगे असणारे ज्ञान ही कोटी तत्त्वज्ञांनी गंभीरपणे घ्यावी असा आग्रह धरला आहे.

त्यांचा आग्रह रास्त आहे, पण तो अर्ध्या वाटेवर थांबतो असे वाटते. कृत्रिम श्यानता चालून जाते याला एक कारण आहे. कोल्मोगोरोवच्या चित्रात दर सेकंदाला किती ऊर्जा जिरावी हे मोठे भोवरे ठरवतात. खालचे भोवरे आणि श्यानता ती केवळ वसूल करतात, आणि वसुली नेमकी कोणत्या आकाराला झाली याची वरच्यांना फारशी पर्वा नसते. म्हणून वसुलीची जागा खोटी असली तरी रक्कम बरोबर असेल तर मोठ्या भोवऱ्यांचे वर्तन पुष्कळसे बरोबर येते. ही रत्नप्रभा आहे: खोटेपणाच्या मागे एक खरा संबंध उभा आहे. जेथे तो संबंध तुटतो, उदाहरणार्थ भिंतीला अगदी लागून, जेथे लहान भोवरेच मोठ्यांना जन्म देतात, तेथे तीच श्यानता दगा देते, आणि का देते हेही सांगता येते.

बाष्प आणि अग्नीची गोष्टही या शास्त्रात घडून गेली आहे. रेनॉल्ड्स अंक ३९०० असताना दंडगोलामागे जो विक्षुब्ध पट्टा तयार होतो त्याची काही सदृशीकरणे एका प्रयोगाच्या मोजमापांशी चांगली जुळत होती. क्रावचेन्को आणि मोइन यांनी २००० मध्ये, परिमित घटकांशी नाते असलेली बी-स्प्लाइन फलने आणि पुरेशी बारीक जाळी घेऊन, तोच प्रवाह पुन्हा काढला, तेव्हा त्यांचे उत्तर त्या मोजमापांपासून दूर गेले. त्यांचा निष्कर्ष असा की अपुऱ्या जाळीमुळे दंडगोलापासून सुटणारे थर वेळेआधीच संक्षुब्ध होतात, आणि प्रयोगातही बाहेरच्या अडथळ्यांमुळे तेच झाले असावे. दोन वेगळ्या चुकांनी एकच आकडा दिला होता. केवळ सफल प्रवृत्ती हा निकष मानला तर जुन्या सदृशीकरणांना प्रमाण म्हणावे लागेल आणि अधिक काळजीने केलेल्याला अप्रमाण.

पंचांगाचा इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा पेच अनोळखी वाटू नये. गणिताने काढलेले ग्रह आकाशात दिसणाऱ्या ग्रहांशी जुळावेत, याला दृक्प्रत्यय म्हणतात, आणि तो येईनासा झाला की जुन्या ज्योतिषांनी ग्रंथातील मूळ संख्यांना लहानशी भर-वजाबाकी करायची, तिला बीजसंस्कार म्हणायचे, अशी वहिवाट होती. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये रचलेला ‘ग्रहलाघव’ तर ज्या-कोज्या टाळून सोप्या अपूर्णांकांनीच काम भागवणारा, म्हणजे मुद्दाम स्थूल केलेला ग्रंथ होता. तो महाराष्ट्रभर चालला, आणि कालांतराने त्याचे ग्रह आकाशापासून ढळले तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्यांना नव्या वेधांवर आधारलेल्या गणिताचा पुरस्कार करावा लागला. संक्षोभाच्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या प्रतिमानांपैकी एक, लाउंडर आणि स्पाल्डिंग यांनी १९७४ मध्ये रूढ केलेले के-एप्सिलॉन प्रतिमान, पाच स्थिरांकांवर उभे आहे: ०.०९, १.४४, १.९२, १.० आणि १.३. त्यांतला १.९२ हा आकडा संगणकातल्या नव्हे, तर प्रत्यक्षातल्या जाळीमागून वाहणाऱ्या हवेतला संक्षोभ कसा ओसरतो या मोजमापांवरून घेतलेला आहे. हा शुद्ध बीजसंस्कार होय. ज्या प्रवाहांवर तो बसवला त्यांच्या जवळपास तो चांगला चालतो, आणि भोवऱ्यांनी गरगरणाऱ्या किंवा भिंतीपासून सुटून मागे वळणाऱ्या प्रवाहांत तो ढळतो. पण आपण कधी ढळणार हे बीजसंस्कार स्वतः सांगू शकत नाही. बंगळूरचे संक्षोभशास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी भारतीय ज्योतिर्गणिताच्या ज्ञानमीमांसेवर उत्तरायुष्यात लेखन केले, हा योगायोग नसावा. संक्षोभाशी झुंजलेल्या माणसाला दृक्प्रत्ययाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही चांगलीच ठाऊक असणार.

ओरेस्केस, श्रेडर-फ्रेशेट आणि बेलिट्झ यांनी १९९४ मध्ये मांडलेला आक्षेप याहून कडक आहे. निसर्गातील खुल्या व्यवस्थांची संख्यात्मक प्रतिमाने कधीच सत्य म्हणून सिद्ध करता येत नाहीत, कारण आकडे जुळणे हा केवळ अनुकूल पुरावा असतो आणि तोच आकडा देणारी दुसरी प्रतिमाने नेहमीच संभवतात, असे त्यांचे म्हणणे. तर्कदृष्ट्या ते अखंडनीय आहे. पण त्यात सर्व प्रश्न एकाच तराजूत तोलले जातात, आणि संक्षोभाने शिकवले ते हे की एकाच सदृशीकरणाला विचारलेल्या दोन प्रश्नांचे प्रामाण्य वेगवेगळे असू शकते. एडवर्ड लोरेंझ यांनी १९६३ मध्ये दाखवल्याप्रमाणे अशा व्यवस्थांत आरंभीचा यत्किंचित फरक लवकरच अवाढव्य होतो, त्यामुळे अमुक क्षणी अमुक बिंदूवर वेग किती, या प्रश्नाला काही काळानंतर उत्तरच उरत नाही; मात्र एखाद्या वस्तूवरील ओढीची दीर्घकाळची सरासरी किती, याला पुष्कळदा उत्तर असते.

योहान हॉफमन आणि क्लेस जॉन्सन या स्वीडिश गणितज्ञांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात या भेदाला मोजपट्टी दिली. त्यांच्या रीतीत आधी प्रश्न ठरवायचा, मग त्या प्रश्नापासून निघून काळात उलटे मागे चालणारे एक जोड-समीकरण सोडवायचे. त्याचे उत्तर सांगते की कोणत्या जागचा, कोणत्या क्षणीचा अवशेष या विशिष्ट प्रश्नाला किती बाधतो. जेथे बाधतो तेथे जाळी बारीक करायची, बाकीची भरडच ठेवायची. बिंदूवरील वेगाचा प्रश्न विचारला तर जोड-समीकरणाचे उत्तर भडकत जाते आणि अवशेष कितीही लहान केला तरी पुरत नाही. सरासरी ओढीचा प्रश्न विचारला तर ते आटोक्यात राहते, आणि काही टक्क्यांच्या चुकीत उत्तर मिळते असा त्यांचा दावा आहे. ज्ञान प्रमाण आहे की नाही हे प्रश्नावाचून ठरवता येत नाही, हे तत्त्व एरवी नुसतेच सांगितले जाते. येथे ते आकड्यांत उतरले आहे. त्याच लेखकांनी आणखी पुढे जाऊन, श्यानता नसलेल्या आदर्श द्रवात ओढ शून्य यावी या द’आलाँबेर यांच्या १७५२ च्या विरोधाभासाचे लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये सीमास्तराच्या, म्हणजे पृष्ठभागाला लागून असलेल्या प्रवाहाच्या पातळ थराच्या, आधारे दिलेले स्पष्टीकरणही अमान्य केले. तो दावा प्रवाहशास्त्रज्ञांत सर्वमान्य झालेला नाही, आणि गोलाचा रेनॉल्ड्स अंक सुमारे तीन लाखांपाशी गेला की सीमास्तर संक्षुब्ध होताच ओढीचा गुणांक सुमारे ०.५ वरून झपाट्याने खाली येतो, ही वस्तुस्थिती पाहता सीमास्तराला इतक्या सहजासहजी रजा देता येईल असे दिसत नाही.

येथवर रत्न एकच आहे असे गृहीत धरले आहे, पण त्याचीही खात्री नाही. लेरे यांच्या उत्तरांचे अस्तित्व सिद्ध आहे. त्रिमितीत ती सदैव गुळगुळीत राहतात का, हा प्रश्न क्ले गणित संस्थेने २००० मध्ये दहा लाख डॉलरच्या बक्षिसाला लावला आणि तो अद्याप सुटलेला नाही. दरम्यान आल्ब्रिटन, ब्रुए आणि कोलोम्बो यांनी २०२२ मध्ये असे दाखवले की सुयोग्य बाह्य बल दिले तर एकाच आरंभस्थितीतून लेरे यांच्या अर्थाची दोन भिन्न उत्तरे निघू शकतात. तसे असेल तर प्रवाह पुढे काय करील हे समीकरण स्वतःच एका रीतीने सांगत नाही, आणि जवळ जाण्यासारखी एकच एक वस्तू राहत नाही.

धर्मकीर्तीच्या दर्शनाला याचा धक्का विद्यारण्यांच्या दर्शनापेक्षाही अधिक बसतो. त्याच्या मते जे कार्य घडवून आणते, म्हणजे ज्याच्यात अर्थक्रियेचे सामर्थ्य आहे, तेच परमार्थाने सत् असते. असे सत् नेहमी विशिष्ट असते, या क्षणीचे आणि या जागचे, आणि सामान्य ही मनाने केलेली कल्पना असते. संक्षुब्ध प्रवाहात ही दोन लक्षणे एकमेकांपासून फुटतात. या क्षणीचा भोवरा विशिष्ट आहे, पण त्याच्या ज्ञानावर कोणतीही प्रवृत्ती उभी राहू शकत नाही. सरासरी प्रवाह मात्र कोणत्याही क्षणी, कोणत्याही जागी प्रत्यक्ष वाहत नसतो, तरी मोटारीला इंधन किती लागेल याचा अंदाज त्याच्याच आधारे बांधावा लागतो. बौद्ध पंडित यावर म्हणतील की इंधन जळते ते क्षणाक्षणाच्या विशिष्ट ओढीनेच आणि सरासरी हा त्यांचा केवळ हिशेब आहे. पण ज्या दोन उत्तरांतले क्षण वेगळे आहेत त्यांचा हिशेब एकच निघत असेल, तर त्या हिशेबाला कल्पना म्हणून बाजूला सारणे सोपे नाही. आणि तो एकच निघतो याची सिद्धता आजवर झालेली नाही. जाळ्या बारीक करत नेल्या, आरंभस्थिती थोड्या बदलून पाहिल्या, की सरासऱ्या एकमेकींजवळ राहतात, एवढाच अनुभव त्यामागे आहे, आणि तो रत्नप्रभेच्या कोटीतला आहे की बाष्पाच्या, हे गणिताला अजून सांगता आलेले नाही.